सहावी ए की सहावी ई

माझ्या मुलीला सहावीत कुठल्या वर्गात बसवायचं, या एका प्रश्नावर आमच्या घरानं अख्खा उन्हाळा काढला. आता लिहिताना तो प्रश्न लहान वाटतो, तेव्हा त्याच्यापुढे दुसरं काही सुचत नव्हतं.

पाचवीपर्यंतची तिची शाळा घराजवळची, छोटी. सहावीला तंजावूरातल्या मुलांची मोठ्या शाळांमध्ये पळापळ सुरू होते, तशी आमचीही झाली. आम्ही धरलेल्या शाळेत सहावीचे पाच वर्ग होते. ‘ए’मध्ये गणिताचा रोज एक तास जास्त, शिकवणारे सर उत्तम. ‘ई’मध्ये पंधराच मुलं आणि दोन शिक्षिका. ज्यांना वाचायला-लिहायला जमत नाही त्यांना तिथे धीरानं शिकवत. पण गणितही तिथे धीरानंच, म्हणजे चौथीच्या वजाबाकीपासून.

माझी मुलगी दहा वर्षांची होती आणि तिला धड वाचता येत नव्हतं. इंग्लिशही नाही, तमिळही नाही. फळ्यावरच्या चार ओळी उतरवायच्या तर दीड ओळ वहीत येई, आणि त्या दीड ओळीतली अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली असत. मी स्वतः शाळेत गणित शिकवते, नववी-दहावीला. दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत माझा धीर बरा आहे. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत नव्हता. एकेक शब्द दहा-दहादा लिहायला लावायची. एकदा हातावर पट्टीही मारली. तिनं हात मागे घेतला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर हीच मुलगी. माझा नवरा एका इंजिनियरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढतो. ओरत्तनाडूकडच्या कुणाच्या तरी दुमजली घराचा नकाशा त्यानं एका रविवारी जमिनीवर पसरला होता. मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, पालथी पडून बघत होती. बोट ठेवून म्हणाली, इथून वर जाणाऱ्या माणसाचं डोकं आपटेल. नवरा हसला. मग हसायचा थांबला आणि पट्टी घेऊन बसला. जिन्याच्या नवव्या पायरीवर खरोखरच वरून तुळई येत होती. इंजिनियरनं सोमवारी जिना फिरवून घेतला. नकाशावर कुठे काय लिहिलंय ते तिला एक अक्षर वाचता आलं नव्हतं. तिनं ते घर नुसतं बघितलं होतं.

म्हणून एप्रिलमध्ये त्या शाळेच्या प्रिन्सिपल मॅडमनी आम्ही तिरुचीच्या मानसतज्ज्ञांकडून तपासणी करून आणलेला रिपोर्ट उघडून “बुद्धिमत्ता सर्वसाधारण” असं वाचलं, तेव्हा मी ते वाक्य दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. वाचनाची अक्षमता आहे, लेखनाची आहे, बुद्धी सर्वसाधारण.

“मग ‘ई’ वर्गच योग्य,” त्या म्हणाल्या. “तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला सांगायला नको. ‘ए’च्या वेगात ती बुडेल.”

त्या वाईट नव्हत्या. माझ्यापुढे असा कागद कुणी ठेवला असता तर मीही हेच म्हटलं असतं, आणि तोऱ्यात म्हटलं असतं. पंधरा दिवसांत निर्णय कळवा, असं सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं.

बाहेर आलो. मुलगी शाळेच्या पायऱ्यांवर पुढे जाऊन बसली होती. स्कूटरला किल्ली लावता लावता नवऱ्यानं विचारलं, “तिरुचीच्या त्या फॉर्मावर भाषा कोणती लिहिलीस तूं?”

“इंग्लिश,” मी म्हटलं. “आपण घरात इंग्लिशच बोलतो ना?”

“आपण बोलतों. ती बोलते का?”

मी उत्तर दिलं नाही. आमच्यात मी उत्तर दिलं नाही म्हणजे तो बरोबर आहे, हे त्याला ठाऊक आहे. फॉर्मावर मी लिहिलं त्याच भाषेत तिची परीक्षा झाली होती.

हे इंग्लिश आमच्या घरात कसं शिरलं ते सांगायला हवं, कारण ते मीच आणलं. आम्ही तंजावूरचे मराठी. आमच्या घरात चुलीपासून देवघरापर्यंत मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असं किती पिढ्या चाललं होतं ते मोजायची कुणाला गरज वाटली नव्हती. ही मराठी आम्ही बोलतो फक्त. माझ्या सासूबाईंना देवनागरीतलं एक अक्षर वाचता येत नाही, नवऱ्यालाही नाही. मला येतं, ते लहानपणी शिकवणीला जाऊन हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. मराठी पुस्तकं मी तिशीनंतर वाचायला लागले. आता लिहिते आहे तशी मराठी आमच्या घरात कुणीच बोलत नाही.

मुलगी दुसरीत असताना तिच्या वर्गशिक्षिकेनं मला बोलावून विचारलं, घरात भाषा किती? मी अभिमानानं मोजल्या. मराठी, तमिळ, इंग्लिश, आणि मी थोडं हिंदीही सुरू केलंय म्हटलं. ती बाई कपाळाला हात लावायचीच बाकी होती. “म्हणूनच,” ती म्हणाली. “पोरीच्या डोक्यात गोंधळ झालाय. कमी करा.”

शाळेनं सांगितलं आणि आम्ही ऐकलं नाही असं आमच्या लोकांत होत नाही. तलवारी गेल्या, वतनं गेली, मग आम्ही धरलं ते शिक्षण, आणि घट्ट धरलं. त्याच दिवशी जेवताना मी जाहीर केलं की आजपासून मुलीसमोर फक्त इंग्लिश, मराठी बंद. हिंदी तर बंदच. तमिळ शेजारी आणि बाजारात आपोआप होईल.

नवरा भात कालवत राहिला. सासूबाई म्हणाल्या, “तीनशे वर्षं टिकली ती. आत्तां एका टीचरनं सांगितलं म्हणून सोडायची?”

“पोरीच्या भल्यासाठी,” मी म्हटलं.

“सरी,” त्या म्हणाल्या आणि पान उचलून आत गेल्या. आमच्याकडे सरी म्हणजे ठीक आहे. सासूबाईंच्या तोंडी त्याचे अर्थ पुष्कळ होतात आणि त्यातला एकही ठीक आहे असा नसतो.

पण त्यांनी पाळलं. निदान मला तसं वाटलं. सत्तरीच्या जवळ आलेल्या बाईनं माझ्याकडून पंचवीस-तीस इंग्लिश वाक्यं घोकून घेतली आणि ती नातीवर वापरायला लागली. मला ते गमतीचं वाटायचं. शाळेतल्या मैत्रिणींना मी नक्कल करून दाखवायची.

तीन वर्षं हे चाललं. वाचन तसूभर सुधारलं नाही. चार भाषांपैकी जी एकटी तिच्याकडून एकही अक्षर मागत नव्हती, जिच्यात तिला नापास करायला कुणाकडे पुस्तकच नव्हतं, ती मी नेमकी काढून टाकली होती. हे मला तेव्हा दिसलं नाही, आणि म्हणे मी गणिताची शिक्षिका.

स्कूटरवर बसल्यावर हिशेब लागला. घरात मुलगी इंग्लिशमध्ये काय बोलते? “यस अम्मा.” “फिनिश्ड अम्मा.” “नो होमवर्क अम्मा.” तीन वर्षं मी याला शिस्त समजत होते.

त्याच आठवड्यात तिला घेऊन पुन्हा तिरुचीला गेले. बसमध्ये तिला खिडकी दिली. मानसतज्ज्ञ बाई तरुण होत्या, केस घट्ट बांधलेल्या, आवाज हळू. मी म्हटलं, फॉर्मावर माझी चूक झाली. ती इंग्लिशमध्ये मोकळी होत नाही. परीक्षा परत घ्या.

त्या म्हणाल्या, तीच परीक्षा इतक्या लवकर परत घेता येत नाही. प्रश्न ओळखीचे झालेले असतात. पण दुसरी एक आहे, ती तमिळमध्ये घेते. “आणखी कुठली भाषा आहे घरात?”

“होती,” मी म्हटलं.

त्या मुलीला आत घेऊन गेल्या.

दोन तास मी बाहेरच्या बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर फुलपाखरांची चित्रं चिकटवली होती, त्यातलं एक उलटं होतं. ते सुलटं करावं की नाही यावर मी बराच वेळ घालवला. शेवटी दार उघडलं. मुलगी पाणी प्यायला गेली आणि बाईंनी मला आत बोलावलं.

“कठीण प्रश्न आला की ती आधी खाली बघून काहीतरी पुटपुटते,” त्या म्हणाल्या. “मग तमिळमध्ये उत्तर देते, आणि बहुतेक वेळा बरोबर. ते पुटपुटणं तमिळ नाही. तेलुगूही नाही, मला तेलुगू येतं.”

“मराठी,” मी म्हटलं.

“म्हणजे घरात मराठी चालू आहे.”

“नाही. तीन वर्षं बंद आहे. तिच्या वर्गशिक्षिकेनं सांगितलं होतं, जास्त भाषांमुळे गोंधळ होतो म्हणून.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार, आणि मी तयारही झाले. पण त्यांनी नेहमीच्याच आवाजात समजावलं. अडचण अक्षरांची आहे, भाषांची नाही. ती एकाच भाषेच्या घरात जन्मली असती तरी तिला अक्षरं अशीच छळली असती. ऐकून आणि बोलून ती किती भाषा पेलू शकेल याला तूर्त काही मर्यादा दिसत नाही. त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते. असं शांतपणे सांगितल्यावर काय करणार? मी मान हलवत राहिले.

“आणि ती भाषा कुठूनतरी येतेच आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “सातव्या वर्षी थांबलेलं मूल असं बोलत नाही.”

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. लहानपणचं राहिलं असेल डोक्यात, असं स्वतःला सांगितलं. परतीच्या बसमध्ये मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती. घरी जाऊन सगळ्यांना सांगून टाकावं, मराठी परत सुरू, माझं चुकलं, असं दोनदा मनात आलं. मग वाटलं, आत्ता नको. आधी शाळेचं मिटू दे, मधेच काही हलवायला नको. खरं कारण तेवढंच नव्हतं. सासूबाईंसमोर जाऊन माझं चुकलं म्हणायचं होतं, आणि ते मला जड जात होतं.

नवा रिपोर्ट दहा दिवसांनी आला. विचारशक्ती वयाच्या बरीच पुढे. वाचन, लेखन वयाच्या बरंच मागे. खाली शिफारस होती: वर्ग विचारशक्तीप्रमाणे द्यावा, मदत वाचनाप्रमाणे द्यावी. प्रश्न वाचून दाखवावेत, उत्तरं सांगून लिहून घ्यावीत, एक भाषा कमी करावी.

प्रिन्सिपल मॅडमनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढला. “म्हणजे ‘ए’ही हवं आणि ‘ई’ही हवं.”

“हो.”

“अशी सोय आमच्याकडे नाही. ‘ए’मध्ये मदतीची शिक्षिका नाही. ‘ई’मध्ये तेवढं गणित नाही. एक काहीतरी निवडा.”

माझा पारा चढला. मी म्हटलं, “मॅडम, उद्या एखादा मुलगा पायानं अधू आणि डोक्यानं हुशार आला तर त्याला तुम्ही पायाच्या वर्गात घालाल की डोक्याच्या?” नवऱ्यानं टेबलाखालून माझ्या पावलावर पाऊल ठेवलं. मुलगी दोघांच्या मध्ये बसून टेबलावरचा पेपरवेट गोल फिरवत होती.

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी शिपायाला पाठवून ‘ए’चे गणिताचे सर बोलावले. सर आले ते अर्धा प्यालेला चहा हातात घेऊनच. रिपोर्टाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मुलीसमोर खुर्ची ओढून तमिळमध्ये म्हणाले, “एक लाकडी ठोकळा आहे, चौकोनी, सगळ्या बाजू सारख्या. बाहेरून सगळा लाल रंगवला. मग प्रत्येक बाजूचे चार-चार भाग होतील असा कापला. चौसष्ट छोटे ठोकळे झाले. एकाही बाजूला रंग नाही असे त्यात किती?”

मुलीनं पेपरवेट थांबवला. खाली बघितलं. तिचे ओठ हलले, आणि या वेळी मी नीट पाहिलं.

“आठ,” ती म्हणाली.

“शाबास,” म्हणून सर उठायला लागले.

“पण सर, तो जमिनीवर ठेवून रंगवला का?”

“का?”

“मग खालच्या बाजूला रंग कसा लागेल? मग आठ नाही. बारा.”

सर पुन्हा बसले. चहाचा पेला मॅडमच्या रजिस्टरवर ठेवला, आपल्याच तळहातावर बोटानं काहीतरी काढलं, ओठ मिटून मोजलं. “बारा,” ते मॅडमना म्हणाले. “बरोबर आहे. हिला माझ्याकडे द्या. प्रश्न मी वाचून दाखवीन, तोंड आहे मला.”

एवढ्यावर झालं असं नाही. अटी लागल्या. सरकारी हॉस्पिटलचं प्रमाणपत्र आणायचं, लिहून घेणारी व्यक्ती नियमाप्रमाणे ठरवायची. दुसऱ्या भाषेच्या तासाला तिनं ‘ई’मध्ये जाऊन वाचन करायचं. क्वार्टर्ली परीक्षेपर्यंत बघू, नाही जमलं तर पुन्हा बोलू. मॅडमनी एकेक अट लिहिली आणि मी एकेकीखाली सही केली. शेवटच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात त्यांनी सहावी आणि त्यापुढे ‘ए’ लिहिलं. मुलीनं मान वाकडी करून ते अक्षर पाहिलं. तेवढं तिला वाचता येत होतं.

नवऱ्यानं आम्हाला घराच्या कोपऱ्यावर सोडलं आणि तो ऑफिसला गेला. मुलगी पळत पुढे गेली. मी चौकातल्या मिठाईच्या दुकानात थांबले. तिरुवैयारूचा अशोका, मूगडाळीचा तो तुपानं निथळणारा हलवा, सासूबाईंना फार आवडतो. तो बांधून घेतला. मनात ठरवलं होतं की आज सांगायचंच. पुडा त्यांच्या हातात ठेवायचा आणि मराठीत म्हणायचं, माझं चुकलं. वाक्य जुळवत घरापर्यंत आले.

गेट उघडंच होतं. चपला काढल्या आणि दाराला हात लावणार, तर आतून मुलीचा आवाज आला. इतका मोकळा, इतका भरभर आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. ती मराठी बोलत होती. आमची मराठी, सासूबाईंची, जुन्या वळणाची.

“आजी, मला ‘ए’ मिळालं! त्या सरांना आधी कळलंच नाही, मग मीच सांगितलें, जमिनीवर ठेवलात तर खालीं रंग कसा लागेल म्हणून.”

“मग! डोकें कोणाचें आहे तें? ये, इकडे बैस. पहिल्यापासून सांग बघूं. कोठे बसवलें तुला, काय काय विचारलें?”

“हळू बोल ना आजी.”

“कशास हळू? आज तरी मोठ्यानं बोलूं दे मला.”

“नको गे. अम्मा येईल आत्तां. तिनं ऐकलं तर परत मला ‘ई’मध्ये घालतील.”

सासूबाई हळूच म्हणाल्या, “सरी. कानांत सांग.”

मी दाराबाहेर उभी होते. रडू आलं आणि रागही आला, आणि राग काढायला तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तीन वर्षं रोज दुपारी, तिची शाळा सुटल्यावर, मी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत असताना, माझ्या घरात एक म्हातारी आणि एक मुलगी आपली भाषा कुजबुजत बोलत होत्या. ती भाषा जिला नको होती अशी त्या घरात एकटी मीच होते.

तशीच आत गेले असते तर त्या दोघी चोरी पकडल्यासारख्या दचकल्या असत्या. ते मला बघवलं नसतं. मी पुन्हा चपला घातल्या, फाटकापर्यंत मागे गेले आणि ते मुद्दाम जोरात लावलं. मग पाय वाजवत दाराशी आले.

आतून सासूबाईंचा आवाज आला, मी शिकवला होता तसाच, एकेक शब्द सुटा.

“कम, कम. वॉश यूअर हँड्स.”

“यस, ग्रँडमा,” माझी मुलगी म्हणाली.